बाहेर बसा, नाव पुकारलं जाईल

इंग्रजीत ‘डिपोर्ट’ असं एक क्रियापद आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो: परक्या देशानं माणसाला बाहेर काढणं, परत पाठवणं. पण जाड शब्दकोश उघडला तर खाली आणखी एक अर्थ सापडतो. तो जुना आहे, आता फारसा कुणी वापरत नाही. ‘स्वतःला डिपोर्ट करणं’ म्हणजे वागणं. चारचौघांत कसं उभं राहायचं, कसं बसायचं, स्वतःला कसं सांभाळायचं याची रीत पाळणं. हकालपट्टी आणि वागणूक एकाच शब्दाच्या पोटात शेजारी शेजारी राहतात, याची मला फार वर्षं गंमत वाटत असे. वर्गात मी ते हमखास सांगायचो. एकदा सलीम नावाचा ड्रायव्हर मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, मंजे चांगलं वागलं तरी डिपोर्ट, न्हाई वागलं तरी डिपोर्ट? मग तिकीट काढायचंच कामून?” वर्ग हसला. मीही हसलो.

हा वर्ग नांदेडला, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दोन खोल्यांत चालायचा. दिवसभर मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि संध्याकाळी आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांना. गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, नर्सा. कुणी नायगावकडचे, कुणी देगलूरचे, काही थेट लातूरहून मुक्कामाला येणारे. निवृत्तीनंतर शाळा सुटली, वर्ग मात्र आणखी काही वर्षं चालवला. आता तोही बंद आहे.

माझे वडील निलंग्याच्या अडतीत पोती उचलायचे. आमच्या घरात इंग्रजीचं पहिलं पुस्तक माझ्या हातातून आलं, आणि ते माझ्या हातात ठेवलं निलंग्याच्या शाळेतल्या आमच्या गुरुजींनी. पदवीपर्यंत मी पोचलो तो त्यांच्यामुळं. प्रश्न विचारण्याआधी ते घसा खाकरायचे, एक छोटं आणि एक लांब, मग म्हणायचे, “वेल.” ते जाऊन फार काळ लोटला. पण माझी बायको म्हणते की मी वर्गात अगदी तसाच खाकरतो. मला स्वतःला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

आमचा धंदा बाहेरच्याला सांगायचा तर असा. एजंट मुलाखत घेतो, कधी परदेशी कंपनीचा साहेब येतो. आमच्या पोरांना काम येत असतं. दार उघडून आत कसं जायचं ते येत नसतं. म्हणून मी तालीम घ्यायचो. दारावर टकटक करायची. “मे आय कम इन, सर?” म्हणायचं. ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही. बसल्यावर पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. साहेबाच्या डोळ्यांत बघायला भीती वाटत असेल तर भुवयांच्या मधोमध बघायचं; त्याला फरक कळत नाही. शेवटी साहेब विचारतो, काही प्रश्न आहे का? तेव्हा म्हणायचं, “नो सर, थँक यू सर.” मग मी माझं नेहमीचं वाक्य बोलायचो, “प्लीज वेट आउटसाइड. वी विल कॉल यू.” बाहेर बसा, नाव पुकारलं जाईल. पोरगं बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं आणि पुढचं आत यायचं.

बाकाबद्दल माझा एक खास धडा होता. मी सांगायचो, “बाहेर आलो म्हणजे संपलं असं समजू नका. बाकावरही मुलाखत चालूच असते. एजंटचा माणूस खिडकीतून बघत असतो. कोण गप्पा हाणतं, कोण तंबाखू मळतं, कोण उठून निघून जातं. नाव पुकारेपर्यंत जो नीट बसतो त्याचंच काम होतं.” हे खरंच होतं. मुंबईच्या एका एजंटानंच मला सांगितलं होतं.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. देगलूरचा एक वेल्डर कुठल्याही प्रश्नाला “येस सर” म्हणायचा. चिडून मी विचारलं, “हॅव यू एव्हर स्टोलन?” तो छाती काढून म्हणाला, “येस सर!” लातूरच्या एका नर्सला विचारलं, पेशंट तुझ्यावर ओरडला तर काय करशील? पाठ केलेलं उत्तर होतं, मी शांत राहीन. ती म्हणाली, “सर, आधी बघीन की, कुटं दुखून राहिलंय त्याला.” तिला पहिल्याच मुलाखतीत नोकरी लागली.

आणि महादू होता. महादेव ग्यानोबा, मुदखेडजवळच्या एका गावचा, गिलाव्याचा मिस्त्री. थापी हातात दिली तर भिंत आरशासारखी करील असा, आणि रीतीच्या नावानं शून्य. दार ढकलून सरळ आत यायचा आणि मोठ्यानं विचारायचा, “सर, हाव का?” मी बाहेर काढायचो. तो पुन्हा तसाच यायचा. खुर्चीत बसला की एक पाय वर. हसला की खालच्या दुकानातली माणसं वर बघायची. माझ्या सगळ्या वर्षांत ज्याला काहीच शिकवता आलं नाही असा तो एकच. पण त्याच्या कामाला तोड नव्हती, म्हणून ‘ट्रेड टेस्ट’वरच, म्हणजे हातचं काम बघूनच, त्याला घेतलं आणि तो गेला.

काही वर्षांनी एका सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला.

“सर, मी सुनीता. महादूची घरवाली. त्याहीला परत पाठिवलंय. डिपोर्ट का काय म्हणतेत ते.”

मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. असं होतं. कंपनी बुडते, मुदत संपते, माणूस धरपकडीत सापडतो. पासपोर्ट कंपनीकडं अडकलेला, म्हणून वकिलातीकडून ‘आउटपास’ नावाचा कागद घेऊन लोक नेसत्या कपड्यांनिशी येतात. गावात मात्र सरळ हिशेब असतो: काढून दिलं म्हणजे काहीतरी वागलाच असेल. डिपोर्टचे दोन अर्थ गावाला शिकवावे लागत नाहीत. पहिला कळला की दुसरा ते आपोआप लावतात.

“तब्येत बरी आहे ना त्याची?” मी विचारलं.

ती म्हणाली, “सर, तुमी आजच्या आज याच. ते तुमच्यावानी बोलून राहिलेत.”

मुदखेडपर्यंत रेल्वेनं गेलो, पुढं ऑटोनं. चैत्रातली दुपार होती. गल्लीच्या तोंडाशीच ऑटोवाल्यानं गाडी थांबवली. “पुढं न्हाई येत, सर. त्या घरावरनं सध्या कुणी जाईना,” म्हणाला. खरंच, त्या गल्लीत एक पोर खेळत नव्हतं. शेजारच्या घरांची दारं भर दुपारी लावलेली होती.

महादू घराबाहेरच्या ओट्यावर बसला होता. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. अंग निम्मं झालेलं. केस पाण्यानं चापून बसवलेले, सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलेलं. ऊन सरकत त्याच्या तोंडावर आलं होतं. सावली त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि तो सरकला नव्हता. समोरच्या भिंतीत कुठल्याशा एका ठिकाणी तो बघत होता. त्या भिंतीला खिडकी नव्हती.

मी आधी त्याच्याशी न बोलता आत गेलो. आत त्याची म्हातारी आई, थोरला भाऊ विठ्ठल आणि सुनीता. सुनीता शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिची मशीन होती.

“आला तवापासून उंबरा वलांडून आत आला न्हाई,” म्हातारी म्हणाली. “भाकर दिली तर बघत बसतो. सुनीता ‘प्लीज’ म्हनली की मंग खातो. माय म्हनून हाक मारत न्हाई. आवाज त्याचाच हाय वो मास्तर, पर बोलनारा दुसराच कोन तरी हाय. माझं लेकरू आसं कवाच बसलं न्हाई.”

“रातचं?” मी विचारलं.

“तसाच,” सुनीता म्हणाली. “बसल्या बसल्या डोळा लागतो. हात गुडघ्यावरचे हालत न्हाईत.”

विठ्ठल दाराला टेकून उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. “सर, उगं तकलीफ घेतलीत. जीप सांगितलीय मी. कर्नाटकात एक ठिकाण हाय, बाहेरचं लागलेली मानसं ठिवून घेतेत तिथं. आज सांजच्या आत नेऊन घालतो.”

“आणि आणायचा कधी?” सुनीता म्हणाली.

विठ्ठल जीप आली का ते बघायला दाराबाहेर डोकावला.

“बगा सर. हे न्यायचं सांगतेत, आनायचं सांगत न्हाईत. त्या देशानं काडून दिलं, आता घर बी काडून देऊन राहिलंय. मंग त्यानं जावं कुटं?”

“घरात दोन लेकरं हायत, सुनीता,” विठ्ठल म्हणाला. “ती बी भिंतीकडं तोंड करून बसायला लागलीत त्याच्यावानी. काल धाकटी मला म्हनली, ‘काका, आत येऊ का?’ सोताच्या घरात! माझ्या काळजाचं पानी झालं.”

मी बाहेर येऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. मला बघताच महादू उभा राहिला. अगदी बरोबर, घाई न करता, जसं मी शिकवायचो आणि त्याला कधी जमलं नाही तसं. त्याची नजर माझ्या भुवयांच्या मधोमध येऊन थांबली. मग त्यानं घसा खाकरला. एक छोटं, एक लांब.

“वेल,” तो म्हणाला. “गुड आफ्टरनून, सर.”

त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. ते खाकरणं माझं नव्हतं. मी ते निलंग्याच्या शाळेत, पहिल्या बाकावर बसून ऐकलं होतं. ज्या गुरुजींना मी स्वतः खांदा दिला, त्यांचा घसा मुदखेडजवळच्या त्या ओट्यावर, महादूच्या गळ्यातून बोलत होता. महादूनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ते माझ्यामार्फत त्याच्यात गेलं असणार हे मला डोक्यानं कळत होतं. पण मी दोन पावलं मागं सरकलो होतो.

“महादू, अरे मी आलोय,” मी म्हणालो. “ओळखलंस का?”

“येस सर.”

“घरात का जात नाहीस?”

मराठी त्याच्या कानाला लागून खाली पडत होती. मी इंग्रजीत विचारलं, तुला इथं बसायला कुणी सांगितलं?

“ऑफिसर टोल्ड, सर,” तो लगेच म्हणाला. “वेट आउटसाइड.”

सुनीता दारात उभी होती. तिनं सांगितलं ते असं. नायगावकडचा एक माणूस महादूबरोबर त्याच विमानानं परतला होता. त्यानं तिला फोनवर सांगितलं की धरपकडीनंतर सगळ्यांना एका मोठ्या खोलीत ठेवलं होतं. जे ओरडले, ज्यांनी दारावर मुठी मारल्या, त्यांना दुसरीकडं हलवलं. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. बाकीच्यांना एका अधिकाऱ्यानं सांगितलं, नीट बसा, एकेकाचं नाव पुकारू. पहिल्या दिवशी महादूही ओरडला होता. मग त्यानं ओरडणाऱ्यांचं काय झालं ते बघितलं, आणि बसला. असा बसला की लोक त्याच्याकडं बघून बसायला शिकले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा, पाठ केल्यासारखं. आठवडे गेले. आणि मग एका सकाळी पहारेकऱ्यांनी हात करून सगळ्यांना उठवलं, रांगेत गाडीत घातलं आणि विमानतळावर नेलं. नाव कुणाचंच पुकारलं नाही.

हे ऐकल्यावर मला कळलं. माझ्या वर्गातल्या कुणालाही कळलं असतं. महादू अजून बाकावर होता. आणि बाकावरही मुलाखत चालूच असते.

मी आत गेलो, शिवणाच्या मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि तिच्यामागं खुर्ची ओढून बसलो. सगळ्यांना म्हणालो की मी सांगेपर्यंत कुणी बोलू नका. दार लोटून घ्या.

“आता काय, सर, तुमी देवऋषी झालाव?” विठ्ठल म्हणाला. “लिंबं आनू का?”

“गप ऱ्हा की रं,” म्हातारी म्हणाली.

मी मोठ्यानं पुकारलं, “महादेव ग्यानोबा!”

दारावर टकटक झाली. त्याच्या स्वतःच्या घराच्या दारावर. म्हातारीनं पदर तोंडात धरला.

“मे आय कम इन, सर?”

“कम इन.”

दार उघडलं. तो उंबरा ओलांडून आत आला. आईकडं, बायकोकडं बघितलं नाही. माझ्यासमोर उभा राहिला. बसा म्हटल्यावर बसला.

मी तालीम सुरू केली. नाव सांग. गाव सांग. काम काय येतं? उन्हात काम करशील का? एकेक उत्तर बिनचूक येत होतं, माझ्याच लकबीत, माझ्याच चुकांसह. थोड्या वेळानं पुढचा प्रश्न मला आठवेना. हजारदा विचारलेला प्रश्न. मी थांबलो, आणि मला दिसलं की त्याचे ओठ हलतायत. तो आवाज न करता माझा प्रश्न म्हणत होता, मला आठवण करून देत होता. मी त्याच्या ओठांवरून वाचून प्रश्न विचारला. त्यानं उत्तर दिलं. मग त्याचे ओठ पुन्हा हलले, मी पुन्हा विचारलं. त्या खोलीत साहेब कोण आणि उमेदवार कोण, हे मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो.

असं करत आम्ही शेवटच्या प्रश्नापर्यंत आलो.

“डू यू हॅव एनी क्वेश्चन?”

आता तो म्हणणार होता, नो सर, थँक यू सर. तो म्हणाला नाही. त्याची नजर माझ्या भुवयांवरून खाली आली, माझ्या डोळ्यांत.

“सर,” तो मराठीत म्हणाला, अगदी हळू, “मी नीट बसलो ना?”

“नीट बसलास,” मी म्हणालो. “फार चांगला बसलास, महादू.”

आणि पुढं माझ्या जिभेवर आलं ते वाक्य होतं, ‘प्लीज वेट आउटसाइड’. सवयीनं. इतकी वर्षं त्या प्रश्नानंतर माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नव्हतं. मी ओठ मिटून घेतले. तो वाट बघत होता. विठ्ठल, म्हातारी, सुनीता, सगळी वाट बघत होती. घरी जा म्हणावं तर तो घरीच होता. माझ्या तालमीत या जागेसाठी एकही वाक्य नव्हतं. बाहेर जीप येऊन उभी राहिल्याचा आवाज आला आणि त्या आवाजासरशी महादूचे हात पुन्हा गुडघ्यांवर घट्ट होऊ लागले.

मुलाखत संपली की दोघांपैकी एकानं बाहेर जायचं असतं. आजवर दर वेळी समोरचा गेला होता.

मी उठलो. मशीनच्या मागून पुढं आलो, त्याच्यासमोर ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, “थँक यू, सर.” मग पाठ न फिरवता, शिकवायचो तसा, मागं मागं जात उंबऱ्याबाहेर पडलो, दार ओढून घेतलं आणि ओट्यावर तो बसत होता तिथं बसलो.

दगड तापलेला होता. जीपचा ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. बराच वेळ तसाच गेला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग माठावरचं झाकण वाजलं, आणि कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं, न विचारता, एका दमात. म्हातारीचा हुंदका ऐकू आला. विठ्ठल बाहेर आला, माझ्याकडं न बघता जीपकडं गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “जा बाबा तू. न्हाई न्यायचं कुनाला.”

आतून मोठा, फाटका, मला चांगला ओळखीचा आवाज आला.

“अगं, बाहेर उन्हात कोन बसलंय ते? आत बोलाव की!”

सुनीता दारात आली. डोळे पुसत, हसत म्हणाली, “सर, या की आत.”

म्हातारी म्हणाली, “मास्तर, या वो. च्या टाकते.”

विठ्ठल म्हणाला, “चला सर, उठा आता.”

मी बसून होतो. पाठ ताठ होती. हात गुडघ्यांवर होते, आणि ते मी ठेवलेले नव्हते. समोरच्या भिंतीत मला काहीतरी दिसत होतं असं वाटत होतं, किंवा तिथून मला कुणीतरी बघत होतं. ती माणसं मला मायेनं बोलावत होती, सर म्हणत होती, मास्तर म्हणत होती. आमच्याकडं शिक्षकाचं नाव कुणी घेत नाही. त्या सबंध गावात माझं नाव पुकारणारं कुणी नव्हतं.

शेवटी महादूच बाहेर आला. गळ्याचं बटण काढलेलं, हातात पाण्याचा तांब्या. माझ्याकडं जरा बघत राहिला आणि हसला नाही. तांब्या खाली ठेवला, वाकला, गवंड्याच्या त्या राठ हातांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि उंबऱ्याच्या आत नेलं.

आत चहा झाला, गप्पा झाल्या. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. महादू आता गावातच गिलाव्याची कामं करतो. त्यानं दंडाला धरलं नसतं तर मी त्या ओट्यावर कधीपर्यंत बसून राहिलो असतो, ते मला सांगता येत नाही.